जपानी गाडीला काही होत नाही? या चुका टाळा

टॅक्सी स्टँडवर चार-पाच लाख किलोमीटर पळालेली इनोव्हा दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. पंधरा-वीस वर्षांची होंडा सिटी आजही एका सेल्फमध्ये सुरू होते. त्यामुळे एक वाक्य घराघरांत रुजलंय: "जपानी गाडी आहे, वेळेवर ऑइल बदला, बाकी काही बघावं लागत नाही." यातलं अर्धंच खरं आहे. गाड्या उत्तम बनवलेल्या असतात, पण ज्या लाखो किलोमीटर जातात त्यांची ठरलेली कामं ठरल्या वेळी झालेली असतात. टॅक्सीवाल्याची गाडी म्हणजे त्याचं पोट, म्हणून तो बेल्ट-फिल्टर चुकवत नाही. रविवारी गाडी बाहेर काढणारा मालक मात्र हमखास चुकवतो.

आणि या गाड्या कुरकुर करत नाहीत, ही खरी अडचण. बिघाड आतल्या आत वाढत जातो आणि आपल्याला कळतो तेव्हा इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवायची वेळ आलेली असते. म्हणून ज्या चुकांचा आवाज येत नाही, त्यांच्यावर इथे जास्त लिहितोय.

टायमिंग बेल्ट: दिव्यावर विसंबून राहणं

२००५ साली आलेल्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा रबरी पट्टा. पेट्रोल इनोव्हात आणि २०१६ नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्ये चेन आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. कुणी चेनच्या गाडीत बेल्टचे पैसे भरतो, तर कुणी बेल्टची गाडी "चेन असेल" म्हणून तशीच पळवतो. बेल्ट तुटण्यापूर्वी सहसा काही सांगत नाही. तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो.

आपल्याकडे हा बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात. मीटरमध्ये त्यासाठी टी-बेल्टचा दिवा असतो, पण सेकंडहँड गाडीत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. दिवा रीसेट करता येतो, मीटर मागे फिरवलेला असू शकतो. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. बदलताना बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो ते टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही नवे टाका. जुनं बेअरिंग जाम झालं तर नव्या बेल्टचाही निकाल लागतो.

सीएनजी बसवलेली होंडा आणि गप्प बसलेले टॅपेट

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि हिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. सिटी, जॅझ, अमेझ अशा बऱ्याच होंडा पेट्रोल इंजिनांत टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) हाताने, स्क्रू आणि नट वापरून सेट करावा लागतो. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत हा गॅप फार हळू बदलतो. बाहेरून सीएनजी किट बसवलं की गणित बदलतं. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह सीटची (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेची) झीज वाढते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा आत बसत जातो. त्यामुळे टॅपेटचा गॅप वाढत नाही, उलट कमी होतो.

फसगत इथेच होते. टॅपेट ढिले झाले की टकटक आवाज येतो आणि माणूस गॅरेजला जातो. ते घट्ट झाले की इंजिन पहिल्यापेक्षा शांत वाटतं! गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम वायू कडेने निसटतात, व्हॉल्व्हची कड जळते आणि कॉम्प्रेशन जातं. सकाळी गाडी सुरू करताना थरथर, एका सिलिंडरचा मिसफायर, पिकअप कमी, ही लक्षणं तेव्हा दिसतात. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलल्या जातात, इंजेक्टर साफ होतात. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून गॅप बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

होंडाची अट अशी आहे की सिलिंडर हेडचं तापमान ३८ अंशांच्या खाली असतानाच गॅप मोजायचा. म्हणजे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी पहिलं काम हेच. चालवत नेऊन अर्ध्या तासात "टॅपेट मारून" आणलेल्या गाडीचं माप चुकलेलंच असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला तर दुपारी हवाच ३८ च्या वर असते, तिथे हे काम भल्या पहाटेचंच. सीएनजीवर रोज चालणाऱ्या गाडीचा गॅप वर्षातून एकदा तरी बघून घ्या. खर्च मामुली आहे.

जाता जाता: २००३ साली आलेल्या सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग आहेत. चार समोर सहज हाताला लागतात, चार मागे दडलेले आहेत. जुनी सिटी घेतली असेल तर "प्लग बदलले" म्हणजे किती बदलले, ते विचारा.

कूलंटमध्ये बोरचं पाणी

टोयोटाचं गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तयार मिश्रण असतं, त्यात पाणी घालायचं नसतं. पहिल्यांदा ते १ लाख ६० हजार किलोमीटरला आणि नंतर दर ८० हजारांना बदलायचं, असं टोयोटाचं वेळापत्रक सांगतं. हे आकडे वाचून लोक निर्धास्त होतात. पण मधल्या काळात टाकीतली पातळी खाली गेली की पेट्रोल पंपावरच्या नळाचं पाणी ओतलं जातं आणि त्या क्षणी ते वेळापत्रक संपतं.

जपानी कंपन्यांच्या कूलंटमध्ये गंज रोखायला फॉस्फेट असतं. जपानातलं पाणी बहुतांश मऊ असल्यामुळे तिकडे ते चालून जातं. युरोपातलं पाणी जड, म्हणून तिथले बरेच कारखानदार फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी ते संयोग पावलं की साका तयार होतो. आता आपल्याकडच्या बोरचं पाणी आठवा, गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आठवा. तोच थर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग घाटात, एसी चालू असताना, काटा वर चढायला लागतो आणि थर्मोस्टॅटला दोष दिला जातो.

वाटेत पर्यायच नसेल तर पाणी घाला, गाडी वाचणं पहिलं. पण घरी आल्यावर सगळं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि योग्य कूलंट भरा. आणि रंगावर जाऊ नका. गुलाबी कूलंट पाच कंपन्यांची पाच प्रकारची मिळतात. होंडाचं निळं, टोयोटाचं गुलाबी ही त्या त्या कंपनीची पद्धत झाली, बाजारात रंगाचा कसला नियम नाही. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर भरत बसू नका, गळती शोधा.

ऑटोमॅटिकमध्ये "युनिव्हर्सल" ऑइल

सीव्हीटी या ठरलेले गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पोलादी पट्टा दोन पुलींच्या मध्ये दाबून धरलेला असतो आणि सगळी ताकद त्या पकडीतून जाते. पकड किती बसायची हे त्या ऑइलवर ठरतं. २०१४ नंतरच्या सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं. त्याआधीच्या, २००८ नंतरच्या पाच-स्पीड ऑटोमॅटिक सिटीला डीडब्ल्यू-१ लागतं. गाडीचं नाव एक, पण ऑइल वेगवेगळं. टोयोटाच्या सीव्हीटीचं आणखी वेगळं. "हे सगळ्यात चालतं" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

दुसरी चूक म्हणजे "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" हे ऐकून गप्प बसणं. मॅन्युअलमध्ये जास्त त्रासाच्या वापराचं वेगळं अंतर दिलेलं असतं. पुण्या-मुंबईचं ट्रॅफिक, उन्हाळा आणि घाट, हे सगळं त्याच रकान्यात येतं. मशीन लावून फ्लश करण्यापेक्षा खालून काढून तेवढंच मोजून भरणं सुरक्षित.

ब्रेक ऑइल काळं होईपर्यंत थांबणं

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, तर ओलावा धरलेल्याचा उत्कलनबिंदू १४० पर्यंत घसरू शकतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसानंतर आंबोली घाट उतरताना पेडल आत जातं ते यामुळे. किलोमीटर कितीही कमी असोत, दर दोन वर्षांनी बदला.

पाना चुकीचा, कामही चुकीचं

गाडी स्वतः खोलणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. होंडाच्या पुढच्या ब्रेक डिस्कवर दोन फुलीचे स्क्रू असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि गंजाने ते जागेवर चिकटतात. आपण घरातला स्टार स्क्रू ड्रायव्हर लावून जोर काढतो, टोक वर उसळतं आणि स्क्रूची फुली गोल होते. हे स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस आहेत. त्यांच्या खाचेचा आकार नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळा असतो, म्हणून फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही. योग्य मापाचं जेआयएस टोक घ्या आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. दोन-तीन ठोक्यांत स्क्रू सुटतो.

चाकाच्या नटांचंही तेच. होंडाच्या मूळ नटांची बूड गोलाकार असते, टोयोटाच्या साध्या नटांची निमुळती. आटे दोघांचे सारखेच, १२ मिलिमीटरचे १.५ पिचचे (दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर). त्यामुळे टोयोटाचा नट होंडावर व्यवस्थित फिरतो, घट्टही होतो, पण रिमवर फक्त कडेनेच टेकतो आणि पुढे ढिला होऊ शकतो. सुझुकीचे आटे मुळातच बारीक, १.२५ पिचचे. ते होंडावर जबरदस्तीने चढवले तर बोल्ट गेला. बाहेरचे अलॉय बसवले असतील तर त्या रिमला कोणती बूड लागते ते वेगळं विचारा.

टायरच्या दुकानात एअर गनने एकेक नट करकचून आवळतात, त्याने डिस्क किंचित वाकडी बसते. काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. ब्रेक मारल्यावरच थरथर असेल तर संशय डिस्कवर, ऐंशी-शंभरच्या वेगाला ब्रेकशिवाय असेल तर व्हील बॅलन्सिंगवर, आणि गाडी उभी असताना गिअर टाकल्यावर असेल तर इंजिन माउंटिंगवर. नट समोरासमोरचे घेत, टॉर्क रेंचने आवळा. होंडाला साधारण १०८ न्यूटन-मीटर, टोयोटाला १०३.

आता सस्पेन्शन. नवे बुश (सांध्यांतले रबर) टाकून सहा महिन्यांत फाटले, अशी तक्रार सतत ऐकू येते आणि खापर रस्त्यांवर फुटतं. रस्ते वाईट आहेतच. पण बऱ्याचदा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना पक्के केलेले असतात. बुशचं रबर त्या लोंबत्या स्थितीत आवळलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळलं जातं. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचं आवळायचं. आपल्या मेकॅनिकदादांना काम सुरू होण्याआधी हे शांतपणे सांगा. चांगला मिस्त्री रागावत नाही.

स्कॅनरने सांगितलं म्हणून पार्ट बदलणं

स्कॅनर बिघडलेला पार्ट दाखवत नाही, इंजिनच्या कॉम्प्युटरला काय खटकलं ते दाखवतो. पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. कारण फाटलेला हवेचा पाइप असेल किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. ऑक्सिजन सेन्सर बदलणं शेवटचं.

बॅटरी बदलल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर होंडाचं आयडलिंग हलायला लागलं तरी घाबरून पार्ट मागवू नका. एसी-दिवे बंद ठेवा, न्यूट्रलमध्ये तीन हजार आरपीएम धरून रेडिएटरचा पंखा सुरू होऊ द्या, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाच मिनिटं आयडलवर ठेवा. गाडी पुन्हा शिकते.

खोका बघून पार्ट घेणं

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला गेलात तर "सिटीचा फिल्टर द्या" म्हणू नका, पार्ट नंबर सांगा. टोयोटाचा नंबर पाच-पाच अशा दहा अंकाक्षरांचा, होंडाचा बहुधा पाच-तीन-तीन अशा तुकड्यांत. चासी नंबरवरून तो शोरूमच्या पार्ट काउंटरवर मिळतो. प्रत्येक वेळी कंपनीच्याच खोक्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. डेन्सो, आयसिन, एनजीके, केवायबी हे जपानी गाड्यांना मूळ पार्ट पुरवणारेच आहेत, आणि क्लचवाल्या एक्सेडीचा कारखाना तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहे. पण ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि बेल्ट यांत डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. हे तीन ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

रिकॉल न तपासणं

हे शेवटी लिहितोय, पण सगळ्यात आधी करायचं काम हेच. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल (दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून मोफत दुरुस्त करणं) जगातल्या सगळ्यात मोठ्या रिकॉलपैकी एक आहे. होंडा आणि टोयोटाच्या भारतातल्या गाड्याही त्यात आहेत. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतं. अपघातात ते गरजेपेक्षा जोरात पेटून धातूचा डबा फुटू शकतो आणि तुकडे थेट माणसाच्या अंगात घुसतात. यात जगभर माणसं मेली आहेत. मुंबई, कोकण, गोवा, म्हणजे उष्ण आणि दमट, दोन्ही.

रिकॉलची पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात, गाडी मात्र तिसऱ्या हातात असते. कंपनीच्या वेबसाइटवर सतरा अंकाक्षरांचा चासी नंबर टाकला की काम बाकी आहे की नाही ते कळतं. बाकी असेल तर इन्फ्लेटर मोफत बदलून मिळतो, मालक कितवाही असला तरी. नंबर आरसीवर छापलेला आहे.