विंडोज इन्स्टॉल होत नाही? डिस्क पुसण्याआधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून विंडोज ११ टाकताना मध्येच अडकलेली मशिनं माझ्याकडे येतात. बरीचशी बिघडलेली नसतात. वाईट याचं वाटतं की ती सुरू करण्याच्या घाईत लोक मुलांचे फोटो नि हिशेबाच्या फाइली घालवून बसलेले असतात.

'ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही' असा मेसेज दिसला (जीपीटी म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) की कुणीतरी शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट या डिस्कचे भाग पाडणाऱ्या टूलमध्ये 'क्लीन' मारायला सांगतं. कृपा करून मारू नका. त्या एका शब्दाने डिस्कवरची सगळी पार्टिशनं (भाग) उडतात, डी ड्राइव्हसुद्धा. दोष डिस्कचा नसतोच, ज्यावरून विंडोज टाकताय तो पेनड्राइव्ह नव्या यूईएफआयऐवजी जुन्या लेगसी पद्धतीने बूट (सुरू) झालेला असतो. मशिन चालू करतानाच बूट मेनू उघडा, बऱ्याच मशिनवर तो एफ१२ ने येतो. पुष्कळदा तिथे तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. यूईएफआयवाला निवडा.

विंडोज कुठे टाकायचं त्या यादीत डिस्कच दिसत नसेल तर एसएसडी गेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं आणि सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्यासाठीचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवा, अनझिप केलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद केलं तरी डिस्क दिसते, पण मग त्या डिस्कवरचं जुनं विंडोज बहुधा सुरू होत नाही.

आयएसओमधल्या (डाउनलोड केलेल्या विंडोजच्या एकाच मोठ्या फाइलमधल्या) फाइली पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी-पेस्ट करू नका. फॅट३२ या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं रूफस किंवा मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा.

एका किराणा दुकानाच्या डेस्कटॉपने मला अख्खी संध्याकाळ घुमवलं. फाइली कॉपी होताना एकदा ३१ टक्क्यांवर एरर, पुढच्या खेपेला ६४ वर. तीन पेनड्राइव्ह बदलले तरी तेच. खराब पेनड्राइव्ह सहसा त्याच जागी अडतो, आकडा दर वेळी बदलला की रॅमवर संशय घ्यावा. मशिन बंद करून वायर काढली, रॅमच्या दोन्ही पट्ट्यांच्या सोनेरी पिनांवर हलक्या हाताने खोडरबर फिरवला आणि एकेक लावून बघितली. एका पट्टीवर इन्स्टॉल सरळ पार पडलं, दुसरीवर परत अडलं.

'हे मशिन विंडोज ११ साठी चालणार नाही' असं आलं तर आधी बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) बघा. इंटेलवर ते पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाने असतं आणि अनेकदा नुसतं बंद असतं. मात्र बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. आणि पहिल्या रिस्टार्टनंतर परत सुरुवातीचाच सेटअप आला तर पुढे जाऊ नका. मशिन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, मग चालू करा.