एसीवाला भरवशाचा आहे का, हे कसं ओळखायचं

मार्च लागला की सोसायटीच्या ग्रुपवर "कोणाकडे चांगल्या एसीवाल्याचा नंबर आहे का" हा मेसेज येतोच आणि खाली धडाधड नंबर पडतात. नंबर घ्या, पण ज्याने दिला त्याला एवढं नक्की विचारा की त्याच्याकडून काम करून घेतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात परत गॅस भरावा लागला का? नुसतं "चांगलाय, स्वस्तात करतो" यावर जाऊ नका, काम झालं त्या दिवशी एसी सगळ्यांचाच गार हवा देतो.

खरी गोम गॅसमध्येच आहे. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाइपात फिरत राहतो, म्हणजे कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय हे नक्की. त्यामुळे जो माणूस आल्या आल्या "गॅस संपलाय, भरावा लागेल" म्हणतो आणि लीकेजचं नावच काढत नाही त्याला तिथेच थांबवा. नीट काम करणारा आधी फिल्टर आणि कॉइल बघतो, कारण फिल्टर धुळीने भरला तरी कूलिंग कमी होतं आणि कॉइलवर बर्फ धरतो, मग बाहेरच्या युनिटचा, म्हणजे आउटडोअरचा पंखा बघतो, मोटर सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर चेक करतो आणि त्यानंतर गॅसचं प्रेशर मोजणारं गेज लावतो. लीकेज शोधायला तो नायट्रोजनचं प्रेशर भरून जॉइंटला साबणाचा फेस लावतो, जिथे बुडबुडे येतात तिथे गळती. ते बुडबुडे स्वतः उभं राहून बघा, मोबाइलवर व्हिडिओही काढून ठेवा.

फोनवरच विचारायचं, "दादा, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन येणार ना?" जो टाळाटाळ करेल त्याला बोलावूच नका. नवीन एसी बसवताना पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. घाईवाले काय करतात, व्हॉल्व्ह जरासा उघडून गॅसनेच हवा ढकलून देतात आणि झालं म्हणतात, ओल मात्र आतच राहते आणि पुढे कॉम्प्रेसरच्या मुळावर येते. वजनकाटा अशासाठी की आउटडोअरच्या स्टिकरवर कुठला गॅस आणि किती वजनाचा ते छापलेलं असतं, तेवढाच भरायचा. हल्लीच्या बऱ्याच घरगुती एसीत आर ३२ असतो, जुन्यात आर २२ किंवा आर ४१०ए, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर ३२ पेट घेऊ शकतो, म्हणून आत गॅस असताना पाइपाला वेल्डिंगची ज्योत लावणारा माणूस घरात नको.

आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, तो केलाय का विचारायला लाजू नका. अनुभवावर शिकलेले उत्तम कारागीरही आहेत, पण ते कामाबद्दल विचारलं तर नीट समजावून सांगतात.

रेट आधी ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: व्हिजिट चार्ज किती, तांब्याचा पाइप फुटाला कितीने, स्टँड वेगळा की त्यातच. आणि वरच्या मजल्यावर सेफ्टी बेल्ट न लावता ग्रिलबाहेर उतरत असेल तर काम थांबवा, उशीर झाला तरी चालेल, त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं.

वॉरंटीतला एसी बाहेरच्याकडून उघडू नका. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डवरूनच घ्या, गूगलवर कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर फिरतात.

पैसे द्यायच्या आधी एसी अर्धा तास चालवा, साध्या थर्मामीटरने आत खेचली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा, निदान ८-१० डिग्रीचा फरक पडायला हवा. पीसीबी (एसीचा सर्किट बोर्ड) किंवा कॅपॅसिटर बदलला असेल तर जुना पार्ट मागून घ्या. बिलावर काय बदललं, किती गॅस भरला आणि किती दिवसांची गॅरंटी हे लिहून घ्या, नंतर तो फोन उचलेनासा झाला तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना हाच कागद लागतो.