रसायन मायटोकाँड्रिया बिघडवतं का, हे पेशींना विचारायचं कसं

माझी पहिली प्लेट बघून मी ठरवूनच टाकलं होतं की रोटेनोनची बाटली जुनी झाली. मायटोकाँड्रियातल्या श्वसनसाखळीचा पहिला टप्पा, म्हणजे कॉम्प्लेक्स-१, बंद पाडणारं एवढं जालीम विष, आणि हेपजी-२ (मानवी यकृताच्या कर्करोगाच्या) पेशी २४ तासांनीही मजेत चिकटून बसलेल्या! नवी बाटली मागवली, तरी तेच. दोष बाटलीचा नव्हताच, मिडियमचा, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाचा होता. नेहमीच्या हाय-ग्लुकोज डीएमईएम मिडियममध्ये २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं. समोर एवढी साखर असली की या पेशी ग्लायकोलिसिसवरच, म्हणजे मायटोकाँड्रियाविना साखर फोडून ऊर्जा मिळवण्यावरच भागवतात. मायटोकाँड्रिया बंद पडला तरी त्यांचं फारसं अडत नाही.

तेव्हा प्लेटा दोन लावा. एकीत ग्लुकोज, दुसरीत त्याऐवजी १० मिलिमोलर गॅलॅक्टोज. गॅलॅक्टोज ग्लायकोलिसिसमध्ये इतक्या सावकाश शिरतं की एटीपीसाठी (पेशीच्या ऊर्जेच्या चलनासाठी) पेशींना मायटोकाँड्रियाचेच पाय धरावे लागतात. सीरम डायलाइज्ड (छोटे रेणू गाळून काढलेलं) घ्या, साध्या सीरममधूनही ग्लुकोज आत येतं. रसायनाचे डोस दोन्हीकडे तेच ठेवा, डीएमएसओ (रसायन ज्यात विरघळवतो तो द्रव) सगळ्या वेल्समध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यांमध्ये सारखं, कंट्रोलमध्येसुद्धा. मग एटीपी मोजा. गॅलॅक्टोजमधला आयसी-५० (एटीपी निम्म्यावर आणणारा डोस) ग्लुकोजमधल्याच्या एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी आला, तर संशय मायटोकाँड्रियावर. दोन्हीकडे सारखाच आला तर मात्र मायटोकाँड्रिया सुटला असं लगेच लिहू नका. रसायन एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी घाव घालत असेल.

एक खोच आहे. एटीपीचा किट ल्युसिफरेजवर, म्हणजे एटीपी वापरून उजेड देणाऱ्या एन्झाइमवर चालतो, आणि काही रसायनं ल्युसिफरेजलाच अडवतात. म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्ये ठरावीक प्रमाणातलं एटीपी आणि रसायन एकत्र घालून एकदा बघून घ्या.

संशय आला की ऑक्सिजनचा वापर मोजायचा. आमच्याकडे त्यासाठी सीहॉर्स हे मशीन आहे. मिडियम बायकार्बोनेटविना, पीएच ७.४, आणि प्लेट तासभर सीओटू नसलेल्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. रसायन आधी, मग ओलिगोमायसिन (एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज अडवणारं), एफसीसीपी (श्वसन, म्हणजे ऑक्सिजनचा वापर, मोकाट सोडणारं), आणि शेवटी साखळी बंद पाडायला रोटेनोन आणि अँटिमायसिन एकत्र.

इथे घाई नडते ती एफसीसीपीची. डोस कमी पडला तर श्वसन कमालीला पोचत नाही, जास्त झाला तर उलट खाली येतं. मी एकदा दुसऱ्या पेशींसाठी ठरवलेला डोस तसाच वापरला आणि एका निरुपद्रवी रसायनावर ‘कमाल श्वसन घटवतं’ असा शिक्का मारून मोकळी झाले. तेव्हापासून पेशी बदलल्या की आधी ०.१२५ ते २ मायक्रोमोलरची मालिका, मग बाकीचं.

आलेख वाचणं हा खरा आनंदाचा भाग. रसायन घालताच श्वसन वर चढलं आणि ओलिगोमायसिननेही फारसं उतरलं नाही, तर ते अनकपलर: प्रोटॉन एटीपी सिंथेजला वळसा घालून आत गळताहेत. श्वसन पडलं, पण एफसीसीपी देताच उसळलं, तर साखळी शाबूत आहे, अडलंय एटीपी सिंथेजपाशी किंवा आसपास. एफसीसीपीनेही हललं नाही, तर अडथळा साखळीतच किंवा तिला इंधन पुरवण्यात.

नेमका कुठे, हे बघायला डिजिटोनिनने पेशींची बाहेरची पटलं सच्छिद्र करा, एडीपी (एटीपीचा कच्चा माल) द्या आणि पायरुवेट-मॅलेट या कॉम्प्लेक्स-१ मधून जाणाऱ्या इंधनावर श्वसन मोजा. मग सक्सिनेट घाला. ते थेट कॉम्प्लेक्स-२ मधून शिरतं. आधी मेलेलं श्वसन सक्सिनेटने जिवंत झालं, तर कॉम्प्लेक्स-१ किंवा त्याच्या मागची वाट अडलीय. रोटेनोनच्या वेलमध्ये ही उडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मशीनसमोरून उठलेच नाही.

आकडे वहीत उतरवण्याआधी त्याच प्लेटवर बीसीए या रंगचाचणीने प्रत्येक वेलचं प्रोटीन मोजा. धुताना पेशी निसटलेली वेल आणि मायटोकाँड्रिया बंद पडलेली वेल आलेखात अगदी सारखी दिसते.