पंचनाम्याचा मेल अखेर सापडला

२०१९च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं होतं. तेव्हाचा पंचनामा काकांनी मला जीमेलवर पाठवला होता. परवा तो हवा होता आणि काही केल्या सापडेना. ‘पूर’ टाकलं, तर कोल्हापूर महापुराच्या बातम्यांचा ढीग. ‘पंचनामा’ टाकलं, तर काहीच नाही.

खरी गोम आपल्या भाषेतच आहे. काकांनी लिहिलं होतं, ‘पंचनाम्याची प्रत जोडली आहे’. जीमेल पूर्ण शब्द जुळवतं, त्याला ‘पंचनामा’ आणि ‘पंचनाम्याची’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे मराठीत शोधताना विभक्ती लावलेली रूपंही टाकून बघायला हवीत: पंचनाम्याची, पंचनाम्यात, पंचनाम्याचे. शिवाय कुणी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं असेल तर तसंही एकदा शोधायचं. हे मला आधी कळलं असतं तर अख्खी संध्याकाळ वाचली असती!

दुसरा उपाय त्याहून सोपा, कारण त्यात शब्दांवर विसंबावं लागत नाही. कॉम्प्युटरवर शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केलं की फॉर्म उघडतो. पाठवणारे म्हणून काकांचा पत्ता, तारीख ऑगस्ट २०१९च्या आसपासची, आणि ‘अटॅचमेंट आहे’वर टिक. चारच मेल उरले, त्यातला तिसरा आपला.

नको असलेला शब्द गाळायला त्याच्याआधी जोडून उणे चिन्ह द्या. स्पॅम आणि ट्रॅश मात्र वेगळे तपासा, साध्या शोधात ते येत नाहीत.