गरिबी मोजायला निघालात? या चुका टाळा

शंभर घरांचा सर्व्हे आम्ही दोन रविवारांत उरकला होता आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान! तिसऱ्या रविवारी वस्तीच्या बैठकीत यादी वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "त्या शेवटच्या ओळीतल्या तीन खोल्या कुठायत यात?" फॉर्म चाळले. तिन्हींवर आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'घर बंद'. तिथली माणसं उजाडायच्या आत कामाला जात, रविवारीसुद्धा, आणि रात्री उशिरा परतत. आम्ही गेलो होतो सकाळी अकराला.

त्यानंतर असे बरेच सर्व्हे केले आणि दुसऱ्यांनी केलेलेही पाहिले. मोजण्याचं तंत्र कमी पडलं म्हणून फसलेले त्यात थोडेच. बहुतेक जागी ज्यांच्याबद्दल विचारायचं ते फक्त उत्तरं देणारे राहिले. प्रश्न कोणते, यादीत कोण, पैसा कशावर, हे ठरवताना ते खोलीत नव्हते. खालच्या बहुतेक चुका याच एका मुळाच्या फांद्या आहेत.

'घर बंद' लिहून पुढे जाणे

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती दिसत नाही. आकडे नीट जुळतात, अहवाल छान होतो, आणि सगळ्यात गरजू घरं त्यात नसतात. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये पाहणीला जाणाऱ्यांच्या अशा आंधळ्या जागांची मांडणी केली होती. पाहुणे पक्क्या रस्त्याच्या कडेची घरं पाहतात. पुढाऱ्यांशी, पुरुषांशी, आधीच एखाद्या योजनेत असलेल्यांशी बोलतात. कोरड्या दिवसांत येतात, म्हणजे वाटा सुकलेल्या असतात तेव्हा. खरी ओढाताण आणि आजारपण पावसात असतं. शिवाय अवघड प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून तो विचारलाच जात नाही. चाळीस वर्षं उलटली तरी यातली एकही सवय जुनी झालेली नाही.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. बंद घरांची वेगळी यादी करा. एक फेरी पहाटे, एक रात्री, एक सुट्टीच्या दिवशी. तीन फेऱ्यांनंतरही दार बंद असेल तर शेजाऱ्यांना विचारा आणि तसं नोंदवा. हंगामाची अडचण असेल तर वर्षाचे बारा महिने कागदावर आखून विचारा: काम कधी असतं, उधारी कधी चढते, आजारपण कधी येतं? एका भेटीत वर्षभराचं चित्र मिळवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

"महिन्याला किती मिळतात?"

हातावर पोट असणाऱ्याला महिन्याचं उत्पन्न नसतं. आज काम, उद्या नाही. मग तो काहीतरी आकडा सांगतो आणि विचारणारा कोण आहे त्यावर तो आकडा बदलतो. मदत देणारा वाटला तर खाली येतो, कर्ज देणारा वाटला तर वर जातो. याला खोटेपणा म्हणू नका. तुमच्या प्रश्नाला खरं उत्तरच नाही.

म्हणून दिसणाऱ्या, पडताळता येणाऱ्या गोष्टी विचारा. २०१० पासून वापरात असलेल्या जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंचे मिळून १० निकष आहेत. पोषण, शाळेत न जाणारं मूल, स्वयंपाकाचं इंधन, पाणी, शौचालय, वीज, घर वगैरे. प्रत्येक निकषाला ठरावीक वजन, म्हणजे भारांक आहे. ज्या निकषांत घर कमी पडतं त्यांच्या भारांकांची बेरीज एकूण भारांकाच्या एक तृतीयांश किंवा जास्त झाली तर ते घर गरीब धरलं जातं. पण हा निर्देशांक जसाच्या तसा उचलू नका. तो देशांची तुलना करायला बनवला आहे, त्यात कर्ज नाही, कामाची शाश्वती नाही, घरातली मारहाणही नाही. वस्तीतल्या लोकांना विचारा, "एखादं घर अडचणीत आलंय हे तुम्हाला कशावरून कळतं?" त्यांचे निकष तुमच्या फॉर्मपेक्षा हमखास टोकदार निघतात.

"तुम्हाला काय हवंय?"

हाही प्रश्न फसवा. शिलाई मशीन घेऊन गेलात की सगळ्या वस्तीला शिलाई शिकायची असते. लोक शहाणे असतात, तुमच्याकडे काय आहे ते ओळखून तेच मागतात.

समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले होते: तज्ज्ञांनी ठरवलेली, लोकांना मनातून वाटणारी, प्रत्यक्ष मागितलेली आणि दुसऱ्यांशी तुलना केल्यावर दिसणारी. दवाखान्यातल्या रांगेवरून फक्त तिसरी कळते. रांगेत उभं राहायला वेळ नसलेली बाई त्यात येत नाही. चारही बाजूंनी पाहिलं तर कुठे तफावत आहे ते दिसतं, आणि काम करायची जागा बहुतेक वेळा त्या तफावतीतच सापडते.

प्रश्न बदला. "गेल्या वर्षभरात कशासाठी उसने पैसे घ्यावे लागले?" "काय विकावं लागलं?" "कोणती गोष्ट पुढे ढकलली?" घडून गेलेल्या गोष्टीचं उत्तर देताना माणूस मागणी मांडत नाही, हकिकत सांगतो. आणि तुमच्या संस्थेकडे काय आहे ते शेवटपर्यंत सांगू नका.

यादीची बैठक ताणत नेणे

गरजू घरं कोणती हे वस्तीनेच ठरवावं, या पद्धतीच्या मी बाजूने आहे. प्रत्येक घराच्या नावाची एक चिठ्ठी करतात. बैठकीत एकेक चिठ्ठी उचलायची आणि हे घर त्या घरापेक्षा जास्त अडचणीत की कमी, असं विचारत जमिनीवर ओळ लावत जायचं. पहिल्या दहा चिठ्ठ्यांना भांडणं होतात. "त्याचा मुलगा कमावतो की!" "कमावतो, पण घरी देतो कुठे?" असा संवाद कुठल्याही फॉर्ममध्ये मावत नाही.

पुढे मात्र लोक थकतात. इंडोनेशियात ६४० गावांत हा प्रयोग शास्त्रशुद्ध पद्धतीने झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. काही गावांत घर-सामानाच्या नोंदींवरून गणिताने लाभार्थी काढले, काही ठिकाणी गावाने ठरवले, काही ठिकाणी दोन्ही पद्धती एकत्र केल्या. घरखर्चाच्या कसोटीवर गणित थोडं जास्त अचूक ठरलं, पण लोकांचं समाधान गावाने केलेल्या यादीने जास्त झालं. प्रतिष्ठितांनी यादी आपल्याकडे वळवली, असा पुरावा मिळाला नाही. अभ्यासकांनी चिठ्ठ्यांचा क्रम सोडतीने ठरवला होता, त्यामुळे आणखी एक गोष्ट कळली: बैठक जसजशी लांबत गेली तसतशा उशिरा आलेल्या घरांबाबत चुका वाढल्या. एखादं घर मदतीला मुकण्यामागे त्याची चिठ्ठी दोन तासांनी निघाली, एवढं क्षुल्लक कारणही असू शकतं.

तेव्हा तीस-चाळीस घरांचे गट पाडा. चिठ्ठ्या पिसून घ्या. बायकांची आणि पुरुषांची ओळ वेगवेगळी लावा आणि मग शेजारी ठेवा. दोन्ही ओळींत एखाद्या घराची जागा खूप लांब पडली असेल तर त्याच घरी आधी जा.

यादीवर हरकत घ्यायला मुदत द्या, हे ओघाने आलंच. मात्र नावं लावताना कारणं लावू नका. 'आजारी', 'सोडलेली', 'कर्जबाजारी' असे शेरे भिंतीवर चिकटवलेले मी पाहिले आहेत. त्या घरातली पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकतात, याचा विचार लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेला नसतो.

समितीत खुर्ची, पण शब्द नाही

अमेरिकेत १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्याने गरिबांचा शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग असावा असं म्हटलं. त्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या, गरिबीविरुद्ध स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या सामुदायिक कृती संस्थांच्या मंडळात आजही किमान एक तृतीयांश जागा अल्प उत्पन्न गटाच्या प्रतिनिधींसाठी असतात. चांगलंच आहे. पण तिथल्याच शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडून दाखवलं की खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. मधल्या तीनवर माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं चालतं. निर्णयातला वाटा फक्त वरच्या तीनवर मिळतो. आपल्या बहुतेक समित्या मधल्या पायऱ्यांवर मुक्काम ठोकून असतात.

बैठकीला वस्तीतले लोक येत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी वेळ पाहा. दुपारी तीनची बैठक म्हणजे काहींची दिवसाची मजुरी. ती भरून द्या किंवा रात्री भेटा. लहान मुलांना सांभाळायला कोणीतरी ठेवा. इतिवृत्त वाचून दाखवा. आणि थोडी का होईना, एखादी रक्कम पूर्णपणे त्यांच्या निर्णयावर सोडा. पैसा हाती आल्यावर उपस्थिती कशी सुधारते ते पाहण्यासारखं असतं.

पाच संस्था, पाच फॉर्म

एकाच घराला महिन्याभरात पाच जण तेच प्रश्न विचारून जातात. सहाव्याला दार उघडलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे. एकत्र येणाऱ्या संस्थांनी सुरुवातीलाच एक समाईक फॉर्म करावा आणि तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात: माहिती कोणाकडे राहील, ती कोण पाहील, आणि कोणत्या गरजेवर कोण कधीपर्यंत काम करील. शेवटचा रकाना रिकामा राहणार असेल तर तो प्रश्न विचारूच नका. फॉर्मचे फोटो मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका, हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

एकदाच मोजणे, एकदाच देणे

गरिबीचे इंग्लिश अभ्यासक सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या ११,५६० कुटुंबांची पाहणी करून घेतली. शहराची सुमारे २८ टक्के लोकसंख्या गरिबीत निघाली. त्या आकड्यापेक्षाही मोलाचं होतं ते गरिबीच्या येण्या-जाण्याचं निरीक्षण. मजूर लहानपणी गरीब असतो, मग स्वतःची मुलं लहान असताना पुन्हा होतो, आणि म्हातारपणी तिसऱ्यांदा. मधल्या वर्षांत तो यादीबाहेर असतो. तीन वर्षांपूर्वीच्या यादीवर आज वाटप करणारे हेच विसरतात.

देण्याचंही तसंच. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठी सुरू केलेला कार्यक्रम सुमारे दोन वर्षं चालतो: कमाईचं साधन, सुरुवातीला जगण्यापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचत आणि नियमित घरभेटी. याच धर्तीचे कार्यक्रम सहा देशांत तपासले गेले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी खाण्यापिण्यात आणि खर्चात सुधारणा टिकलेली होती. होंडुरासमध्ये मात्र घोडं अडलं. तिथे अनेकांना दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. साधन निवडताना ते मेलं, मोडलं, चोरीला गेलं तर पुढे काय, हे लाभार्थ्याबरोबर बसून आधीच ठरवा.

यादी आधीच बिघडली असेल तर

कोणाचं नाव काढायच्या भानगडीत आधी पडू नका, आधी सुटलेली नावं घाला. काढण्यावरून वस्ती फुटते. चूक झाली हे त्याच बैठकीत, त्याच लोकांसमोर सांगा. अहवालातला आकडा बदलावा लागेल, देणगीदार प्रश्न विचारतील, विचारू देत.

आम्ही त्या तीन खोल्यांकडे पुढच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला गेलो. दोन उघड्या मिळाल्या. तिसऱ्या खोलीतलं कुटुंब भाडं थकल्यामुळे चार दिवसांपूर्वीच निघून गेलं होतं, कुठे ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही. त्या फॉर्मवर अजून 'घर बंद' असंच आहे.