जखमेच्या ड्रेसिंगसाठी अँटीबॅक्टेरियल नॅनोफायबर मॅट लॅबमध्ये कशी बनवायची

बॅक्टेरिया मारणं तसं सोपं आहे, खरी कसरत आहे ती ओल्या जखमेवर टिकेल आणि नव्या पेशींना मारणार नाही अशी मॅट बनवण्यात.

ही मॅट इलेक्ट्रोस्पिनिंगने बनते, म्हणजे पॉलिमरचं सोल्यूशन सुईतून हाय व्होल्टेजने ओढून त्याचे अतिबारीक धागे (नॅनोफायबर) समोरच्या कलेक्टरवर गोळा करायचे. पहिल्यांदाच करत असाल तर पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि कायटोसान (बॅक्टेरिया मारणारं पॉलिमर) घ्या, नुसतं कायटोसान स्पिन करायला फार छळतं. पीव्हीए पाण्यात ८ ते १० टक्के, ८०-९० डिग्रीला गुठळी राहणार नाही असं ढवळायचं, कायटोसान वेगळं पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं आणि गार झाल्यावर दोन्ही एकत्र करून बुडबुडे जाईपर्यंत ठेवून द्यायचं.

सुईतून सोल्यूशनचा फ्लो ताशी अर्धा मिली, सुई ते कलेक्टर १२-१५ सेंमी, व्होल्टेज हळूहळू १५-२० केव्हीपर्यंत न्या, सुईच्या टोकाचा थेंब ताणला जाऊन शंकू होतो आणि त्यातून बारीक धार सुटते. थेंब टपकतोय? फ्लो कमी करा. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) फायबरवर मणी ओवल्यासारखे दिसले तर बहुतेक वेळा सोल्यूशन पातळ झालंय. हवा दमट असेल तर फायबर नीट सुकत नाहीत, एकमेकांना चिकटतात. आणि सप्लाय बंद करून डिस्चार्ज केल्याशिवाय सुईला हात लावू नका, प्लीज!

आता जे बरेच जण शेवटावर ढकलतात ते, क्रॉसलिंकिंग, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडून मॅट पाण्यात टिकेल अशी करणं. ते केलं नाही तर काय होतं? मॅटचा तुकडा पाण्यात टाकून बघा, पांढरा कागदासारखा तुकडा बघता बघता पारदर्शक होतो, आक्रसतो आणि चिकट गोळा होऊन विरघळायला लागतो. जखमेवरही हेच होणार ना? ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेने काम होतं पण ते उरलं तर पेशींना विषारी, मला त्यापेक्षा सोल्यूशनमध्येच सायट्रिक अ‍ॅसिड घालून मॅट नंतर साधारण १४० डिग्रीला तापवणं बरं वाटतं.

टेस्टिंगला स्टॅफ ऑरियस आणि ई. कोलाय हे बॅक्टेरिया घ्या, सोबत बिनकायटोसानची मॅट कंट्रोल म्हणून हवीच. नुसत्या झोनवर (मॅटभोवती बॅक्टेरिया न वाढलेल्या वर्तुळावर) जाऊ नका, कायटोसान अगारमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलमध्ये) फारसं पसरत नाही त्यामुळे झोन दिसला नाही तरी मॅटला टेकलेले बॅक्टेरिया मरत असू शकतात, म्हणून कॉलनी काउंटही करा, म्हणजे किती बॅक्टेरिया जिवंत उरले ते मोजा. उलट सिल्व्हर घातलं की झोन मस्त येतो, पण जास्त झालं तर फायब्रोब्लास्टही (जखम भरून काढणाऱ्या पेशी) मरतात, म्हणून आयएसओ १०९९३-५ या स्टँडर्डची सायटोटॉक्सिसिटी (पेशींना विषारी आहे का) टेस्ट सोडू नका. स्टेरिलायझेशन ऑटोक्लेव्हमध्ये नको, वाफेने फायबर बिघडतात, आणि पीसीएल (दुसरं एक पॉलिमर) वापरलं असेल तर ते ६० डिग्रीलाच वितळतं. गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वायू वापरा. एवढं सगळं झालं तरी ही मॅट लॅबपुरतीच, कुणाच्या जखमेवर लावायची नाही.