जुन्या चित्रपटांचा घरगुती संग्रह: प्रिंट पारखावी कशी

एकाच जुन्या चित्रपटाच्या तीन डिस्क हाती आल्या, तर त्यांतल्या एकीत गाणे गाळलेले असते, दुसरीत चित्र आडवे ताणलेले असते आणि तिसरीत भाषाच वेगळी निघते. कव्हर मात्र तिन्हींचे सारखेच देखणे असते. म्हणून संग्रह करू इच्छिणाऱ्याने कव्हर पाहून खरेदी करण्याऐवजी आतली प्रिंट पारखायला शिकावे. नावे कोणीही जमवू शकतो. पूर्ण लांबीची, मूळ आकाराची आणि हव्या त्या भाषेतली प्रत जमवणे हे मेहनतीचे काम आहे.

आधी यंत्राचे पाहावे. डीव्हीडी प्लेअर अजून सहज मिळतो आणि त्यावर व्हीसीडीही (साध्या सीडीवर उतरवलेला, चित्राने कमी दर्जाचा चित्रपट) चालते, पण व्हीसीआरची, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर मिळण्याची आशा धरू नये. जुना घ्यायचा तर दुकानातच चालवून पाहावा आणि त्यात आधी, खराब झाली तरी चालेल अशीच कॅसेट घालावी, कारण रबरी पट्टे कडक झालेले यंत्र टेप ओढून चुरगळते आणि एकदा चुरगळलेल्या टेपवरची घडी जात नाही. सांगली-मिरजेत जुने रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे मेकॅनिक अजून सापडतात. त्यांच्याकडून पट्टे बदलून आणि टेप वाचणारे हेड साफ करून घेतल्याशिवाय चांगली कॅसेट आत सरकवू नये. परदेशातून डिस्क मागवायची असल्यास रीजन कोड, म्हणजे ती जगाच्या कोणत्या विभागातल्या यंत्रावर चालेल हे सांगणारी खूण, पाहावा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि ब्लू-रेसाठी ‘सी’ विभागात येतो, आणि संगणकाच्या ड्राइव्हचा डीव्हीडी विभाग साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो, हे विसरल्यास ड्राइव्ह भलत्याच विभागात कायमचा अडकतो.

माल कोठे शोधावा, हा प्रश्न आपल्या सांगली जिल्ह्यात फारसा अवघड नाही. व्हिडिओ लायब्ररीचा धंदा बसला तेव्हा सांगली, मिरज, विटा, तासगाव अशा गावांतल्या दुकानांतला साठा माळ्यावर गेला किंवा भंगारवाल्याच्या गोणीत गेला. ‘मामा, गोणी उघडून बघू का?’ असे नीट विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र आपल्याला नेमके काय हवे आहे हे चेहऱ्यावर दिसू देऊ नये, नाहीतर भाव लगेच चढतो. पुण्याला जाणे होत असेल तर बुधवारी किंवा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर टाकावी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली आणि त्यामुळे डिस्क घराघरांत पोचल्या. म्हणून त्या काळातल्या सर्वसाधारण डिस्कसाठी आज कोणी ‘दुर्मीळ’ म्हणून शेकड्यांत पैसे मागितले तर सरळ पुढे चालू लागावे.

डिस्क हातात आली की खालची बाजू पाहावी. कारखान्यात छापलेली डिस्क चांदीसारखी दिसते. निळसर, हिरवट किंवा जांभळट झाक असेल तर ती कोणीतरी घरी किंवा दुकानात उतरवलेली नक्कल समजावी. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, तोही वाचून घ्यावा. मग डिस्क उजेडासमोर धरावी. सुईने टोचल्यासारखे ठिपके चमकले तर आतला परावर्तक थर खराब होऊ लागला आहे असे समजावे. व्हीसीडीच्या बाबतीत लोक खालचे ओरखडे पाहतात आणि वरची बाजू विसरतात, वास्तविक तिचा माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वर पडलेला ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने ती त्या बाजूने सुरक्षित असते. कॅसेटची पारदर्शक खिडकी उजेडात धरून टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते का ते पाहावे, आणि दिसली तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, कारण बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा, म्हणजे लांबीची. चित्रपट सुरू होण्यापूर्वी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते; तेथे डिस्क थांबवावी आणि त्यावरची लांबी उतरवून घ्यावी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर लिहिले असेल तर चित्रपट १४० मिनिटांचा असायला हवा. येथे एक मेख आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालते, तर भारतातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर ती २५ चौकटींनी चालवलेली असते, म्हणून तोच चित्रपट काहीही न कापता १३४ मिनिटांत संपतो. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर मात्र पूर्ण १४० मिनिटे भरली पाहिजेत. पाल डिस्क १२८ मिनिटांतच आटोपली तर एखादे गाणे आणि वर थोडेसे काहीतरी गेले आहे, असा हिशेब निघतो. व्हीसीडीच्या एका डिस्कवर फार तर ८० मिनिटे मावतात, त्यामुळे १६० मिनिटांहून लांब चित्रपट दोनच डिस्कवर दिसला की संशय घ्यायलाच हवा.

प्रमाणपत्राची तारीखही वाचावी. पूर्वी सेन्सॉर प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असे, ती २०२३ च्या दुरुस्तीने काढली गेली. त्यामुळे जुन्या चित्रपटांच्या प्रिंटवर पुष्कळदा नंतर घेतलेले प्रमाणपत्र दिसते आणि त्यावरची लांबी पहिल्या प्रदर्शनाच्या वेळची असेलच असे नाही. दोन वेगवेगळ्या प्रती मिळाल्या तर दोन्ही प्रमाणपत्रे ताडून पाहण्यात मोठी मजा आहे.

भाषेची गल्लत मराठी संग्राहकाला विशेष भोवते. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू होऊन पुढे पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीने आपले अनेक चित्रपट मराठी आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित केले. ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया ना माने’ झाला, ‘माणूस’ (१९३९) ‘आदमी’ झाला आणि ‘शेजारी’ (१९४१) ‘पडोसी’ झाला. हे नुसते डबिंग नव्हे. ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत, तर त्याच भूमिकेत ‘पडोसी’त मझहर खान आहेत. त्यामुळे हिंदी प्रत घरात आहे म्हणून मराठी मिळाली तरी सोडून देणे हा शुद्ध करंटेपणा होईल. कव्हरवर एक नाव आणि आत दुसरी आवृत्ती असाही प्रकार होतो, म्हणून पहिली पाच मिनिटे ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चित्राचा आकार पारखायला उपकरण लागत नाही. त्या काळातला चित्रपट जवळजवळ जुन्या टीव्हीच्या चौकोनाइतकाच रुंद असे. तो नव्या टीव्हीचा पडदा काठोकाठ भरत असेल तर वरखाली कापलेला तरी आहे किंवा आडवा ताणलेला तरी. बैलगाडीचे चाक असलेले दृश्य काढून पाहावे, चाक लांबट दिसले की उत्तर मिळाले. एका डीव्हीडीवर तीन चित्रपट, ही जाहिरातही जपून घ्यावी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा असते, म्हणजे प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला दीड जीबी येते, आणि तेवढी माहिती दोन व्हीसीडींतही असते. दुसरीकडे, नुसती व्हीसीडी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण पुष्कळ मराठी चित्रपट घरगुती स्वरूपात तिच्या पुढे गेलेच नाहीत. दूरदर्शनवरून कोणी उतरवलेली कॅसेटही फेकू नये. तिच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मात्र लगेच मोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही.

साठवणुकीबद्दल सांगलीकराला वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभागात किंवा नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्याने संग्रह वरच्या मजल्यावरच ठेवावा. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून उभी ठेवावी, डिस्कही उभ्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिकच्या डब्या खराब होतात. डिस्क पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. पुराच्या पाण्यात डिस्क गेलीच तर गाळ घासून न काढता ती स्वच्छ पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. भिजलेली कॅसेट घाईने चालवून पाहण्याचा मोह टाळावा.

दुर्मीळ कॅसेट फार वेळा चालवू नये. यूएसबी कॅप्चर कार्डाने (व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या छोट्या उपकरणाने) ती एकदा संगणकात उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यांतली एक नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी असावी. ही प्रत स्वतःपुरतीच राहू द्यावी. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि गाण्यांचे, कथेचे हक्क त्याहून वेगळे असतात, तेव्हा ‘जुनाच तर आहे’ म्हणून प्रती वाटू नयेत.

शेवटी एक जाड वही करावी. नाव, वर्ष, भाषा, प्रकार, कंपनी, डिस्कवरची मिनिटे, प्रमाणपत्रावरचे मीटर आणि तारीख, चित्राचा आकार, कोठून मिळाले, असे रकाने पाडावेत. नंतर त्याच चित्रपटाची दुसरी प्रत समोर आली, तर बाजारात उभ्या उभ्या ठरवता यावे म्हणून या पानांचा फोटो मोबाइलमध्ये असावा. आणखी एक रकाना उसनवारीचा ठेवावा: कोणी नेले, केव्हा नेले, केव्हा आणले. ज्या चित्रपटाची एकच प्रत आहे, ती पाहुण्याने कितीही गळ घातली तरी देऊ नये. त्याला घरी बोलावून दाखवावी.